पितळेची पुंगळी आणि सफाईचा ढोल



वसंतातील व्याख्यानांत संतवाङ्मय, नाटक, राज्यघटना, ग्रहतारे असे विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंक्तीला पितळ घासण्याचा ढोल आणून बसवला, तर ‘या गृहस्थाला दुसरा विषय मिळाला नाही काय?’ असे कोणाच्याही मनात येईल. माझे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. जे शिकलो ते वाचनालयांत आणि कारखान्यांच्या फाटकांवर शिकलो. त्यामुळे यंत्र पाहिले की ते चालते कसे, हे विचारण्याआधी ते चालवणाऱ्याच्या अंगावर काय उडते, हे विचारण्याची मला खोड लागली आहे. आजचा विषय त्याच खोडीतून आला आहे.

वर्तमानपत्रांत आपण नेहमी वाचतो की, घटनास्थळी पोलिसांना अमुक इतक्या रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. पुंगळी म्हणजे काडतुसाचे पितळी नळकांडे. काडतुसाचे भाग चार. पुढे गोळी, आत दारू, मागे ठिणगी पाडणारी टोपी, आणि या तिघांना एकत्र धरून ठेवणारी पुंगळी. गोळी निघून जाते, दारू जळून जाते, टोपी फुटून जाते. पुंगळी तेवढी मागे राहते. अमेरिकेसारख्या देशांत नेमबाजीचे शौकीन ती गोळा करतात, घासूनपुसून लख्ख करतात आणि घरच्या घरी पुन्हा भरतात. त्यासाठी कोणता ढोल घ्यावा, यावर तिकडे आपल्याकडील लोणच्याच्या मसाल्याइतके वाद चालतात.

आपल्याकडे हा छंद नाही, आणि तो करूही नये. 1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. शिवाय सर्वच पुंगळ्या पुन्हा भरता येत नाहीत. 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात जे बारीक काडतूस वापरतात, त्यात ठिणगीचा मसाला वेगळ्या टोपीत नसतो. तो पुंगळीच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो. घोड्याची सुई ती कड चेपते आणि पुंगळी कायमची निकामी होते. ती जायची ती भंगारातच.

मग ऐरोलीच्या सभागृहात या गोष्टीचे काय कारण? कारण असे की, पुंगळी हे केवळ एक उदाहरण आहे. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने ट्रान्स ठाणे क्रीक या नावाचा आपला औद्योगिक पट्टा वाढला. मोठ्या कारखान्यांच्या सावलीत लहान लहान शेडही उभ्या राहिल्या. नळाचे भाग, विजेच्या जोडणीचे तुकडे, झडपा, बिजागऱ्या असे पितळी सामान जेथे जेथे होते, तेथे कोपऱ्यात एक ढोल घरघरत असतो. कामगार त्याला ‘बॅरल’ म्हणतात, थरथरणाऱ्या जातीला ‘व्हायब्रो’ म्हणतात. पुंगळी साफ करण्याचा ढोल आणि हा ढोल यांचे गोत्र एकच. पुंगळीच्या निमित्ताने ढोल समजून घेतला, तर आपल्या शेजारच्या शेडमध्ये काय चालले आहे तेही समजेल.

पितळ काळे का पडते

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिलाफ. पुंगळीच्या पितळेत शंभरात सुमारे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असते. हे प्रमाण मुद्दाम निवडलेले आहे. या पितळेची चकती दाबून, ओढून तिची लांब नळी करता येते आणि ती फाटत नाही.

या पितळेवर तीन प्रकारची घाण बसते. पहिली तेलाची आणि काजळीची. ती साबणाने निघते. दुसरी हवेतील प्राणवायू, ओल आणि घाम यांनी चढलेला काळपट-हिरवा थर. आपल्या घरातील बायका याला पूर्वीपासून ओळखतात. बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवले की ते कळकते, ते याच धातूच्या क्षारांमुळे. हा थर साबणाला दाद देत नाही, त्याला आंबट लागते. म्हणून तर देवाची समई चिंचेने घासतात. चिंचेतील आम्ल तो थर विरघळवते आणि खालचे पिवळे पितळ मोकळे होते. तिसरी घाण पुंगळीपुरती आहे, पण तीच सर्वांत वाईट. ठिणगीच्या टोपीत बहुधा शिशाचे एक स्फोटक लवण असते. बार उडाला की त्या शिशाची बारीक राख पुंगळीच्या आत आणि बुडाच्या खळग्यात चिकटून बसते. डोळ्यांना ती साध्या काजळीसारखीच दिसते.

ढोल निवडताना पहिला प्रश्न हाच की, आपल्याला यांपैकी कोणती घाण काढायची आहे? नुसती चमक पाहणारा मनुष्य दुसरी घाण काढतो आणि तिसरी हवेत उडवतो. पुढे सांगायचे आहे त्याचा सारा गाभा या एका वाक्यात आहे.

खडकीपासून तबेल्यापर्यंत

पुंगळी ही महाराष्ट्राला परकी वस्तू नाही. पुण्याजवळ खडकीला 1869 साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला. जळगाव जिल्ह्यात वरणगावला 1964 साली दुसरा निघाला. पितळेची चकती घ्यायची, तिची वाटी करायची, वाटी ओढून पेला करायचा, पेला ओढून नळी करायची. प्रत्येक ओढीने पितळ कडक होते, म्हणून मधून मधून ते तापवून नरम करावे लागते. तापवले की काळे पडते, म्हणून सौम्य तेजाबात बुडवून धुवावे लागते. अशा रीतीने एका पुंगळीच्या जन्मात तिला अनेक वेळा न्हाऊ घालतात. 2021 च्या ऑक्टोबरात सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या. कामगारांच्या संघटनांनी त्याला विरोध केला होता. त्याची चर्चा आज करीत नाही. पण लख्ख पितळेमागे माणसांचे किती हात असतात, हे ध्यानात असू द्यावे.

या पितळेची एक गोष्ट हिंदुस्थानातच घडली आणि ती जगाच्या धातुशास्त्रात नोंदली गेली. इंग्रजी अमदानीत लष्कराची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली असत. वापरायला काढावीत तर चांगल्या, न वापरलेल्या पुंगळ्या तडकलेल्या निघत. कोणी हात लावला नाही, कोणी आपटल्या नाहीत, आणि तरी तडे! याचा उलगडा 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी केला. घोड्यांच्या मुतापासून अमोनिया वायू सुटतो. पावसाळ्याच्या दमट हवेत तो पितळेवर बसतो. पुंगळी ओढून केलेली असल्यामुळे तिच्या अंगात ताण कोंडलेला असतो. आत ताण आणि बाहेर अमोनिया, असा दुहेरी मारा झाला की पितळेच्या कणाकणांमधील सांधे उकलतात. उपायही मिळाला: पुंगळी तयार झाल्यावर हलकी आच देऊन तो ताण काढून टाकायचा.

या कथेतून ढोलवाल्याने एक नियम घ्यावा. पितळ चमकवण्याच्या बाजारी द्रावणांपैकी ज्यांना अमोनियाचा उग्र दर्प येतो, ती ढोलात घालू नयेत. समईला ती चालतील, कारण समईवर कोणाचा जीव अवलंबून नाही. पण ज्या भागाला दाब सोसायचा आहे, मग ती पुंगळी असो की वायूच्या शेगडीची पितळी झडप असो, त्याला अमोनिया म्हणजे मंद विष. वरून चकाकी येते आणि आतून तडा जातो. ‘पितळ उघडे पडणे’ हा वाक्प्रचार आपण माणसांविषयी वापरतो. येथे तो अक्षरशः खरा होतो.

ढोलांच्या तीन जाती

पहिली जात थरथरणारी. स्प्रिंगांवर ठेवलेले एक पसरट भांडे, खाली मोटार, मोटारीच्या दांड्यावर एका बाजूला बसवलेले वजन. दांडा फिरला की वजन हिसके देते, भांडे थरथरते आणि आतील माल गोल गोल वर-खाली फिरत राहतो. यात घासायला भरडलेले अक्रोडाचे टरफल किंवा मक्याच्या बुरकुंडाचा भरडा घालतात. टरफल कठीण, ते मळ खरवडते. बुरकुंड मऊ, ते पुसते आणि तेल शोषते. दोनचार तासांत माल बाहेरून उजळतो. पाणी नाही, वाळवणे नाही, म्हणून ही जात सोपी आणि लोकप्रिय. पण पुंगळीचे आतले अंग आणि बुडाचा खळगा यांत साफ होत नाही. आणि भरड्याची धूळ होते. ती का वाईट, ते पुढे सांगतो.

दुसरी जात फिरणारी. आडवा ढोल, दोन रुळांवर किंवा दांड्यावर फिरणारा. याच्यात पाणी, साबण, चिमूटभर लिंबूसत्त्व आणि गंजरोधक पोलादाच्या बारीक सळया घालतात. सळया सुमारे सव्वा मिलिमीटर जाड आणि साडेसहा मिलिमीटर लांब असतात. त्या छिद्राछिद्रांत शिरतात आणि आतबाहेर सारखेच घासतात. एक ते तीन तासांत पितळ नव्यासारखे होते. सळया झिजत नाहीत म्हटले तरी चालेल; एकदा घेतल्या की वर्षानुवर्षे पुरतात. कष्ट असे की, माल पाण्यातून काढा, सळया वेगळ्या करा, खळखळून धुवा आणि वाळवा.

तिसरी जात लहरींची. पोलादी टाकीला खालून स्फटिकांचे कंपक लावलेले असतात आणि ते सेकंदाला सुमारे चाळीस हजार कंपने देतात. आपल्या कानांना एवढ्या उंच स्वराचे ऐकू येत नाही. पाण्यात अगणित सूक्ष्म बुडबुडे होतात, फुटतात, आणि फुटताना मळ उखडतात. पंधरावीस मिनिटांत आतला मळ सुटतो. पण ही टाकी घासत नाही. पितळ स्वच्छ होते, लख्ख होत नाही. तसेच एका वेळी थोडाच माल बसतो.

वेगाचे गणित

फिरणारा ढोल घेताना विक्रेता मोटारीची शक्ती सांगतो. आपण विचारायचे ते मिनिटाला फेरे किती. वेग वाढवला की काम लवकर होते, ही समजूत चुकीची आहे. ढोल फार वेगाने फिरला तर आतला माल भिंतीला चिकटून ढोलाबरोबरच फिरतो, एकमेकांवर घसरत नाही, आणि घासणे बंद पडते. कपडे धुण्याच्या यंत्रात पिळण्याच्या वेळी कपडे भिंतीला चिकटतात, तसेच हे.

चिकटण्याचा हा वेग काढण्याची रीत सोपी आहे. ढोलाचा आतला व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचे वर्गमूळ काढा आणि त्याने 42.3 ला भागा. पंचवीस सेंटिमीटर व्यासाचा ढोल असेल, तर 0.25 चे वर्गमूळ 0.5, म्हणून मिनिटाला सुमारे 85 फेऱ्यांना माल चिकटेल. चौसष्ट सेंटिमीटरचा असेल तर वर्गमूळ 0.8 आणि उत्तर सुमारे 53. चांगले घासायचे तर या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास वेग ठेवावा: लहान ढोलाला चाळीसच्या आगेमागे, मोठ्याला सव्वीसच्या आगेमागे. म्हणजे ढोल जितका मोठा, तितका तो सावकाश फिरला पाहिजे. जात्यावर दळणाऱ्या आजीला हे ठाऊक होते. तिने जाते कधी गरगरा फिरवले नाही.

आकाराकडेही पहावे. अगदी गोल, गुळगुळीत ढोलात माल नुसता तळाशी घसरत राहतो. सहा किंवा आठ पैलूंचा ढोल त्याला उचलून वरून खाली सोडतो. आतून रबराचे अस्तर असावे. त्याने आवाज कमी होतो आणि पितळेला खोक पडत नाही. ढोल सगळा मिळून निम्म्यापेक्षा फारसा अधिक भरू नये. फार रिकामा असला तर तुकडे उंचावरून आपटून त्यांच्या कडा चेपतात. फार भरला तर काहीच हलत नाही.

वजनाची एक मेख आहे. ढोलावर ‘आठ किलो’ लिहिलेले असते. घेणाऱ्याला वाटते, आठ किलो माल एका वेळी निघेल. पण त्या आठांत दोन किलो सळया आणि चार किलो पाणी धरले, तर मालाला उरतात दोन किलो. लष्करी रायफलीची मोठी पुंगळी सुमारे बारा ग्रॅम भरते; म्हणजे एका घाण्याला दीडशेच्या वर काही थोड्या. मालक हा हिशेब न करता ढोल घेतो, मग ‘काम कमी निघते’ म्हणून कामगारावर डाफरतो. खरेदीच्या वेळी ज्याने चुकीचा भागाकार केला, त्याची शिक्षा रोजंदारीवाल्याने का भोगावी? ढोलाचे वजन मांडताना माल, सळया आणि पाणी वेगळे मांडले, तर हा तंटा उभाच राहत नाही.

धूळ, कान आणि बाही

आता मी माझ्या खऱ्या विषयावर येतो.

कोरड्या भरड्यात पुंगळ्या फिरवल्या की शिशाची राख भरड्यात उतरते आणि भरड्याच्या धुळीबरोबर हवेत येते. झाकण उघडून चाळणीतून माल चाळताना तर ढगच उठतो. शिसे श्वासावाटे आणि हातातोंडावाटे शरीरात जाते, रक्तात मिसळते आणि हाडांत साठून राहते. पोट दुखणे, अशक्तपणा, हातापायांतले बळ जाणे ही त्याची लक्षणे सावकाश दिसू लागतात. म्हणून दोष यंत्राला न लागता कामगाराच्या प्रकृतीला लागतो. मुलांच्या मेंदूची वाढ तर फार थोड्या शिशानेही खुंटते. मुलांना शिशाचे सुरक्षित असे प्रमाण आजवर आढळलेले नाही. कामगाराच्या सदऱ्यावर बसून ते घरी जाते आणि धावत येऊन बापाच्या पायांना मिठी मारणाऱ्या पोराच्या हाताला लागते. ज्याने पुंगळी कधी पाहिली नाही, त्याला तिचे विष मिळते.

पाण्यात घासले तर ती राख पाण्यातच राहते, हवेत येत नाही. म्हणून वापरलेल्या पुंगळीसाठी, किंवा ज्यावर शिशाचा संशय आहे अशा कोणत्याही भंगारासाठी, ओला ढोल हाच योग्य. आपल्या शेडमधल्या नव्या पितळी भागांवर टोपीची राख नसते हे खरे. पण कापायला सोपे जावे म्हणून यंत्रावर कातायच्या पितळेत थोडे शिसे मुद्दाम घातलेले असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. धुळीची सबब तेथेही लागू आहे. आणि घासायला वाळू तर कधीच वापरू नये. वाळूची बारीक धूळ फुफ्फुसात रुतते आणि तो रोग बरा होत नाही.

आवाजाची परीक्षा यंत्रावाचून करता येते. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर तो आवाज रोज आठ तास कानांना बाधणारा आहे असे समजावे. व्हायब्रोला झाकण, ढोलाला अस्तर आणि यंत्राखाली रबराची गादी एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

तिसरी गोष्ट पट्ट्याची. आपल्या पट्ट्यातील एका शेडमध्ये ढोलाच्या उघड्या पट्ट्यात एका हेल्परची बाही अडकली. हात वाचला, पण दोन बोटे गेली. जाळी तयार होती. ती भिंतीला टेकून ठेवलेली होती, कारण माल काढताना ती मध्ये येत असे. म्हणून मी म्हणतो, जाळी काढल्यावाचून माल काढता येईल अशी रचना ज्या ढोलाची असेल, तोच घ्यावा. जी सुरक्षितता कामाच्या आड येते, ती आठ दिवसांत भिंतीला टेकते.

आपण म्हणाल, यासाठी कायदा आहे ना? 1948 च्या कारखाना अधिनियमात चौदावे कलम धूळ-धुराविषयी होते, एकविसावे यंत्रांच्या कुंपणाविषयी, आणि शिशाची विषबाधा झाल्यास ती कळवणे बंधनकारक होते. 2025 च्या नोव्हेंबरपासून त्याची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. जुन्या मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले की ती जागा कारखाना ठरत असे. नव्या संहितेत ती संख्या वीस आहे. आता आपल्या गल्लीतील ढोलाच्या शेडमध्ये माणसे किती असतात ते मोजून पहा. सात, नऊ, बारा. म्हणजे कारखान्याचे नियम ज्याच्या दारापर्यंत क्वचितच पोहोचतात, त्याच्याकडेच ढोल असतो. तेथे निरीक्षक येईल या भरवशावर राहता येत नाही. यंत्र विकत घेण्याच्या क्षणीच सुरक्षितताही विकत घ्यावी लागते. ढोल निवडण्याला मी एवढे महत्त्व देतो ते म्हणूनच.

धुण्याचे पाणी जाते कोठे

ओला ढोल हवा वाचवतो, पण काळे पाणी मागे ठेवतो. त्या पाण्यात तांबे, जस्त आणि पुंगळ्यांच्या बाबतीत शिसे असते. ते गटारात ओतले तर गटार नाल्याला आणि नाला खाडीला मिळतो. ऐरोलीच्या काठची ती ठाण्याची खाडी 2015 साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाली आणि 2022 साली तिला आंतरराष्ट्रीय पाणथळ स्थळाचा मान मिळाला. गुलाबी पक्षी पहायला आपण पोराबाळांसह जातो. त्याच चिखलातील किडे आणि शेवाळ ते पक्षी खातात, आणि त्याच पाण्यातली मासळी आमच्या कोळी बांधवांच्या टोपलीत येते.

उपाय कठीण नाही. पाणी पिंपात साठवावे, गाळ बसू द्यावा, चुन्याची निवळी घालून पाणी अल्कधर्मी करावे; धातू बऱ्याच अंशी गाळ होऊन खाली बसतात. तो गाळ कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. तो घातक कचरा आहे आणि त्यासाठी तळोज्यासारख्या ठिकाणी अधिकृत व्यवस्था आहे. वरचे पाणीही तपासल्याशिवाय सोडू नये. येथे लिंबूसत्त्वाची एक खुबी सांगतो. ते धातूला पाण्यात धरून ठेवते, लवकर खाली बसू देत नाही. म्हणून ते चिमूटभरच घालावे. अधिक घातल्याने पितळ अधिक चमकते असेही नाही. उलट आम्ल जास्त झाले किंवा माल रात्रभर आंबटात राहिला, तर पितळेतील जस्त निघून जाते आणि अंगावर तांब्याची गुलाबी छटा येते. ती छटा दिसली की समजावे, सफाई संपून झीज सुरू झाली.

वाळवण्याविषयी दोन शब्द. पावसाळ्यात ऐरोलीच्या हवेत काही वाळत नाही. ओले पितळ डाग धरते. म्हणून गरम हवेची पेटी लागते. तिची आच शंभर अंशांच्या खाली पुरे. अडीचशेच्या आसपास गेली की पितळेचा कडकपणा ढळू लागतो. ही पेटी स्वयंपाकघरातली असू नये, आणि चाळणी, चमचे, भांडीही घरची नसावीत. ज्या भांड्याला एकदा शिसे लागले, त्याचा अन्नाशी संबंध संपला.

मग कोणता घ्यावा

नवे, तेलकट, बिनशिशाचे भाग असतील आणि फक्त बाहेरची चमक हवी असेल, तर झाकणाचा आणि धूळ ओढून घेणारा व्हायब्रो चालेल. छिद्रे, आटे, आतली पोकळी साफ करायची असेल, किंवा वापरलेल्या पुंगळ्यांसारखा शिशाचा माल असेल, तर पैलूदार, रबरी अस्तराचा, सावकाश फिरणारा ओला ढोल घ्यावा. आणि त्याच्याबरोबर पाणी साठवण्याचे पिंप त्याच दिवशी घ्यावे, पुढच्या महिन्यात नव्हे. माल थोडा, नाजूक आणि नेमक्या मापाचा असेल, तर लहरींची टाकी. भंगारातील पुंगळ्या असतील, तर कोणत्याही ढोलात घालण्यापूर्वी एकेक हातात घेऊन निवडाव्यात. न उडालेले एखादे काडतूस त्यात असले, तर ते बाजूला ठेवून पोलिसांना कळवावे, फिरवू नये, तापवू नये, ठोकू नये.

आणि किंमत विचारताना पाच प्रश्न विचारावेत. फेरे किती? माल किती, पाणी-सळया धरून की सोडून? झाकण बंद असताना धूळ बाहेर येते का? जाळी न काढता माल निघतो का? आणि घाण पाणी कोठे जाते? पहिल्या दोहोंची उत्तरे विक्रेता देईल. उरलेल्या तिहींची उत्तरे तो ढोल चालवणाऱ्या माणसाकडून मिळतात. म्हणून खरेदीला जाताना त्याला बरोबर न्यावे. आमच्या संघटनेत हा मुद्दा मी अनेक वेळा मांडला आहे: यंत्र निवडताना कामगाराचे मत घेणे हा उपकार नव्हे, ती काटकसर आहे. त्याला ठाऊक असते की कोणता बोल्ट रोज सैल होतो, कोणते झाकण दोन हातांनी उचलावे लागते आणि कोणत्या बाजूने धूळ डोळ्यांत येते.

आपल्यापैकी बहुतेकांना आयुष्यात कधी ढोल विकत घ्यायचा नाही, हे मी जाणतो. पण घरातला पितळी नळ, विजेच्या बटणातील पट्टी, शेगडीची झडप यांपैकी काहीतरी अशा एखाद्या ढोलातून आलेले आहे. ते कोणत्या ढोलातून आले, हे त्याच्या चकाकीवरून ओळखता येत नाही. ते ओळखण्याची जागा म्हणजे त्या शेडमधील हवा, तिथले गटार आणि तिथल्या माणसाचे रक्त. आपण नागरिक या नात्याने तेवढे पहायला शिकलो, तरी हा विषय येथे आणल्याचे सार्थक होईल.